जिजाने पाहिलेलं स्थळ

जूचंद्रच्या जिजाला पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि ‘कळवतो’ म्हणून नकार कळवला. मुलीला दमा आहे, एवढंच कारण. खरं तर तिला मांजर सोसत नसे. घरात भाताच्या कणग्या, म्हणून उंदरांपायी मांजर हवंच; आणि ते नेमकं पाहुण्यांसमोर तिच्या मांडीवर येऊन बसे. डोळे सुजत, छाती वाजू लागे. मांजर राहिलं, स्थळं गेली.

चाळिशी उलटली तेव्हा जिजा सातिवलीत खोक्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि भावाच्या घरामागे स्वतःची खोली बांधून राहत होती. मांजर आता ओट्याच्या पलीकडे, भावाकडे. दोन हजार साली तिने जाहीर केलं, की ती कुत्रा पाळणार.

“दम लागला तर धावायचा कोनी?” भाऊ रामू म्हणाला.

“आजवर माझी मीच धावले ना?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्रा सोसेल की नाही ते आधी जवळ बसून बघा, आणि दम्याचा पंप हाताशी ठेवा. जिजाने ते अक्षरशः पाळलं. सुट्टीला इस्त्रीची साडी नेसून ती कुत्री पाहायला जाऊ लागली. खुर्चीत बसायची, पिल्लू मांडीवर घ्यायची, त्याच्या मानेत तोंड खुपसायची आणि चहा येईपर्यंत वाट पाहायची. गाव हसलं. हसू दे की! नालासोपाऱ्याच्या एका गृहस्थांनी पांढऱ्या कुरळ्या पिल्लाबद्दल छातीठोकपणे सांगितलं, की याचा त्रास कुणालाच होत नाही. कप रिकामा होण्याआधी जिजाचे डोळे वाहू लागले. “हे जमणार नाही,” ती तिथेच म्हणाली. कळवते वगैरे भानगड तिने ठेवली नाही.

कारखान्यातल्या मटिल्डाकडे गोठ्यात पिल्लं होती. तिथे जिजा इतकी शिंकली, की सोबत आलेल्या रामूने तिची पर्सच उचलली. “बास झाला. चल घरी.”

तीही निघाली. पण फाटकाशी तिला आपल्या अंगणातली भाताची झोडणी आठवली. दरवर्षी त्या धुळीने ती अशीच शिंकायची, आणि पिल्लं तर पेंढ्यावरच लोळत होती. ती माघारी फिरली. “मटिल्डा, एक पिल्लू साबणाने धू. पेंढ्यावर ठेवू नको. पुढच्या रविवारी येते.”

रविवारी ती धुतलेलं पिल्लू घेऊन ओसरीवर दुपारपर्यंत बसली. नाक जरा खाजलं. डोळे कोरडे, छाती गप्प. पंप पर्समध्येच राहिला.

“हेच नेते.”

मटिल्डा अवघडली. “बाय, बाकीचे गेले म्हनून हीच उरली. मादी हाय. लोक येतात, बघतात, नि नको म्हनतात.”

याही वेळी सोबत आलेल्या रामूने कपाळाला हात लावला. “मादी? उद्या पोरं घालील, मंग? गावात काय सांगायचा?”

जिजाला भयंकर राग आला. पिल्लाला तिने पदरात घेतलं.

“सांग, जिजाने स्थळ पाहिलं आणि पसंत केलं,” ती म्हणाली. “आता हिला बघायला कोणी येणार नाही.”