आधी पाण्यातून काढा

कापडाचा काठ चिमटीत धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखाने त्यावरची खळ खरवडायची, नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि दुकानदाराकडे न बघता म्हणायचं, "आधी पाण्यातून काढा, मग बोलू."

ही ज्यांची रीत, त्या धुळ्यात आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. शाळेत बाया आम्ही डझनभर होतो, पण 'बाई' म्हटलं की त्याच. मी तिथे विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्यांची पंधराएक वर्षं झाली होती आणि गावातले निम्मे दुकानदार त्या समोरून येताना दिसल्या की उगाच आवराआवर करायला लागत.

संशय हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. दूधवाल्यासमोर त्या दुधाचा थेंब नखावर ठेवून बघायच्या. एस.टी.च्या कंडक्टरने "सुटे नंतर देतो" म्हटलं की साक्रीपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसायच्या. डब्यात मी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणली तर विचारायच्या, "उडीद किती घातलेत? नुसता वास लावला नाहीस ना?" मला रागच यायचा. आईने पहाटे उठून केलेल्या भाकरीवरही हिची शंका! तरी पहिला तुकडा मोडायला त्यांचाच हात पुढे यायचा.

कापडावर मात्र त्यांचा खास डोळा. त्यांच्या पर्समध्ये शिंप्याकडे असतो तसला मापाचा टेप असे, पितळी टोकाचा, कॉलेजात असताना घेतलेला. मोजताना त्या तो तारेसारखा ताणून धरायच्या. "सैल धरला की समोरचा दोन बोटं खातो," असं त्यांचं म्हणणं. नवं कापड घरी आलं की रात्रभर बादलीत, सकाळी सावलीत, मग पुन्हा मोजणी. त्यांच्या बोटांची टोकं सदा पाण्यात राहून सुरकुतलेली असत.

शब्दांनाही त्या तशाच बादलीत बुडवायच्या. नववीच्या पुस्तकात 'श्रिंक' हा शब्द होता. आम्ही असतो तर 'आकसणे' असा अर्थ फळ्यावर लिहून मोकळ्या झालो असतो. बाईंनी लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी वर्गात आणवली. शेजारच्या वर्गात मी होते, मधली भिंत म्हणजे नुसती लाकडी फळ्यांची, सगळं ऐकू यायचं.

"मुलींनो, हा शब्द फार म्हातारा आहे. आणि मुळात तो कापडाचा नाहीच! जुन्या काळचे इंग्रज तो जिवंत अंगासाठी वापरायचे. थंडीने माणूस हातपाय पोटाशी घेतो ना, ते. पान वाळून चुरगळतं, ते. समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये त्याचा एक भाऊबंद आहे, त्याचा अर्थ सुरकुत्या पडणं. मग हा कापडात कसा घुसला?"

डिक्शनरी धपकन मिटल्याचा आवाज आला.

"मला विचाराल तर हे व्यापाऱ्याचं काम. कापड आखडलं म्हणायचं, म्हणजे जसं काही कापडानेच थंडीने अंग चोरलं. विकणारा नामानिराळा!"

असं कुठल्याही डिक्शनरीत नव्हतं, हे सांगायला नकोच. पण मुलींना तो शब्द जन्मभर विसरता आला नसेल. पुढे त्यांनी तिसरा अर्थ सांगितला, भीतीने किंवा लाजेने मागे सरणं, करायचं ते काम टाळणं. चौथा अर्थ त्यांनी वर्गात सांगितला नाही, स्टाफरूममध्ये आम्हाला सांगितला. अमेरिकेत म्हणे वेड्यांच्या डॉक्टरलाही हाच शब्द लावतात. "माणसाचं डोकं लहान करणारा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो डॉक्टर.

त्या वर्षी शाळेने गणवेशाचं कापड बदललं. आधी आग्रा रोडवरचं एक मोठं दुकान पुरवायचं. तिथेच बारा वर्षं गादीवर बसून कापड फाडणारा एक नोकर बाहेर पडला आणि त्याने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं छोटं दुकान टाकलं. साक्रीकडचा माणूस, बोलायला हळू, सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याचं कापड स्वस्त होतं, हाताला बरं लागत होतं, आणि काठावर इंग्रजीत छाप होता की हे आधीच आकसवून घेतलेलं आहे, पुन्हा आकसणार नाही. मुख्याध्यापिकांनी त्याला होकार दिला आणि त्याने शाळेच्या भरवशावर दुकान निळ्या-पांढऱ्या ठाणांनी भरून टाकलं.

छाप बघून बाईंचे डोळे बारीक झाले. "इतकं मोठ्याने सांगायची गरज काय? नक्कीच काहीतरी असणार."

त्या दुकानात गेल्या, मीही बरोबर होते. भाऊची लोखंडी पट्टी हातात घेऊन त्यांनी तिच्यावरचा सरकारी शिक्का तपासला, मग त्या पट्टीने बरोब्बर एक मीटर कापून घेतलं. भाऊ हसून म्हणाला, "बाई, खुशाल उकळा."

दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या विजयी मुद्रेने. रात्रभर भिजवून, वाळवून, आपल्या टेपने त्यांनी ते कापड मोजलं होतं. चार सेंटिमीटर कमी.

पालकसभेत आया विचारत होत्या, "बाई, कपडा चांगला शे का?" बाई उठल्या आणि स्पष्ट सांगून टाकलं, "मीटरमागे चार बोटं नाही, पण चार सेंटिमीटर आखडतं. छाप खोटा आहे." झालं. त्या सभेतल्या निम्म्या आया बाईंच्याच हाताखालून शिकून गेलेल्या. बाई म्हणाल्या म्हणजे प्रश्नच मिटला. सगळ्या पुन्हा आग्रा रोडवर गेल्या.

आठवड्याने भाऊ शाळेत आला. चपला बाहेर काढून स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. एरवी आमच्याशी तो शहरी बोलायचा, त्या दिवशी नाही बोलला. "बाई, मन्हं काय चुकनं?"

"ते तुमच्या कापडाला विचारा," बाई म्हणाल्या आणि वह्या तपासत राहिल्या.

तो चपला घालून निघून गेला. त्याचं सगळं दुकान त्या निळ्या-पांढऱ्या कापडाचं होतं, ते दुसरं कोण घेणार? मला त्याची दया आली, पण बाईंचं माप खोटं असेल असं माझ्याही मनात आलं नाही.

पावसाळा सरला. सभेच्या आधीच कापड घेतलेल्या आठ-दहा मुली होत्या, त्यांचे स्कर्ट आतापर्यंत कितीतरी वेळा धोपटून झाले असतील. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी बाईंची नजर त्या रांगेवर खिळली. प्रार्थना संपली तरी त्या तिथेच उभ्या.

"हे का आखडले नाहीत?" त्यांनी मला विचारलं, जणू मुलींनीच काही लबाडी केली होती.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या. लाकडी मीटरपट्टी मागितली आणि तिच्यावर आपला टेप अंथरला. पट्टी संपली तिथे टेपवर शहाण्णवचा आकडा होता.

"तुझी पट्टी चुकीची आहे," त्या लगेच म्हणाल्या.

मी दुसरी दिली. मग तिसरी, लोखंडी. तिन्ही पट्ट्यांचं एकमत. मग त्यांनी टेप उन्हाला धरला. मधोमध कापड विरून त्याचे धागे लांबले होते. समोरचा दोन बोटं खाईल म्हणून तीसेक वर्षं त्या ज्याला ताणत आल्या होत्या, तो टेप ताणूनच लांब झाला होता. गावातली झाडून सगळी मापं त्यांनी तपासली होती, फक्त स्वतःच्या पर्समधलं हे एक राहिलं होतं.

बाई स्टुलावर बसल्या. मला त्यांची काळजी वाटली, इतका त्यांचा चेहरा उतरला होता.

"जाऊ द्या ना बाई," मी म्हटलं. "भाऊला गुपचूप सांगा. पुढच्या वर्षी पाहू. चारचौघांत कशाला?"

"गुपचूप सांगितलं तर त्याच्याकडे गिऱ्हाईक कसं येईल? सांगितलं होतं ते गुपचूप सांगितलं होतं का?" मग टेप गुंडाळत म्हणाल्या, "आणि तो 'श्रिंक' पुढच्या वर्षीही नववीला आहे. लाजेने मागे सरण्याचा तिसरा अर्थ कुठल्या तोंडाने शिकवू?"

त्यांनी मुख्याध्यापिकांना पुन्हा सभा बोलवायला लावली. टेप आणि लोखंडी पट्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि एकेका आईला बोलावून दाखवलं. "कापड चांगलं आहे. माझं माप खोटं होतं. मी त्या माणसाचं नुकसान केलंय, तुम्ही त्याच्याकडूनच कापड घ्या." इतकं साधं आणि इतकं अवघड बोलणं मी त्या शाळेत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता भाऊचं दुकान सावरलं.

तुम्ही गाव पाहिलं असेल तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सभा सुटली आणि मी जिन्यातच ऐकलं, "बाईले काहीतरी भेटनं व्हई." कुणी म्हणालं, भाऊने बाईंच्या घरी ठाण पाठवलं. कुणी म्हणालं, त्यांच्या अंगावरची साडी नवी आहे, बघितली नाहीस का? ती साडी मी तीन वर्षं बघत होते. मी चिडून भांडायला निघाले तर बाईंनीच माझा दंड धरला.

"काय बोलणार तू त्यांना? संशय घ्या, असं मीच शिकवलं. शिकवलं ते शिकल्या पोरी."

भाऊकडे कुणी गेलं नाही. बाई रविवारी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायच्या, त्याने लोकांचा संशय आणखीच वाढला. शेवटी त्यानेच हात जोडून त्यांना घरी पाठवलं. दिवाळीनंतर दुकानाला कुलूप लागलं. तो पिंपळनेरच्या बाजारात जमिनीवर कापड मांडून बसतो असं कानावर आलं.

बाई पुढे निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्याविषयी चांगलं बोलणाऱ्यांनीही मधेच हसून एकमेकींकडे पाहिलं. बाईंना ते दिसलं, मला दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही.

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी माझी पिंपळनेरला नेमणूक झाली. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांच्या ढिगांपलीकडे भाऊ दिसला, आणि त्याच्या गोणपाटावर, ठाणांना टेकून, बाई. त्या दर महिन्याला धुळ्याहून येतात, भाऊ म्हणाला. किती वेळा नको म्हटलं, ऐकत नाहीत.

"काय करता इथे?" मी विचारलं.

"बसते," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात डोंगराकडच्या गावातली एक बाई आली, कडेवर पोर. एक छापील कापड मुठीत चुरगळून सोडलं, पडलेल्या सुरकुत्यांकडे बघितलं. "धुवावर आटी जाई का?"

"नाही आटत. मी धुऊन पाहिलंय," बाई म्हणाल्या.

तिने बाईंना खालीवर न्याहाळलं. "तू यानी कोन लागस?"

भाऊ मधे काही बोलणार होता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"कोणी नाही. याचं धुळ्याला दुकान होतं. ते माझ्यामुळे बुडालं."

तिने भाऊकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, जरा विचार केला.

"दुकान बुडाडनारी सोता चांगलं म्हनस, मंग कपडा चांगलाच व्हई," ती म्हणाली आणि भाऊसमोर खाली बसली. "फाड दोन मीटर."

अख्ख्या धुळ्याने जे खरं मानलं नव्हतं ते या अनोळखी बाईने उभ्या उभ्या मानलं होतं. भाऊने ठाण उलगडायला घेतलं. बाई गोणपाटावरून उठल्या, माझा हात धरला आणि घाईने म्हणाल्या, "चल, मला स्टँडवर सोड. गाडीची वेळ झाली."

गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर आम्ही दोघी तासभर बसलो, आणि त्या तासात बाईंनी माझा हात सोडला नाही. ती आमची शेवटची भेट.