चिचुंद्री, शेवाळ आणि शेवटचा रकाना

“सर, पिंजऱ्यात चिचुंद्री घावलीय. लई चिरकून राहिली,” गंगाबाई बारवेच्या काठावरून म्हणाल्या. सकाळचे आठ वाजले होते. मी खाली पायऱ्यांवर बसून भिंगातून शेवाळ बघत होतो. “असू द्या मावशी, दुपारी वजन करतो,” मी म्हणालो.

कंधारजवळच्या एका गावातली ही जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. शेजारचं शेत गंगाबाईंचं. बारवेवर आमच्या खात्याला माहितीफलक लावायचा होता: एकाच भिंतीत राहणाऱ्या दोन प्रजातींची तुलना. मी वनस्पतीवाला. प्राण्यांचं बघणारा सहकारी रजेवर, म्हणून साहेबांनी नांदेडहून फोन करून दोन्ही कामं माझ्या गळ्यात मारली. मीही हो म्हणालो. पिंजरा लावायला काय डोकं लागतं, असा माझा तोरा.

आदल्या संध्याकाळी पिंजरा लावला आणि उंदराला ठेवतात तसे आत शेंगदाणे ठेवले. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती मुख्यतः किडे खाते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

शेवाळात मात्र रमलो. उन्हानं वाळून काळं पडलेलं, मेलंय असंच वाटावं. बाटलीतलं पाणी शिंपडलं की बघता बघता पानं उघडतात. पुन्हा पुन्हा शिंपडून व्हिडिओ काढत बसलो. मध्येच साहेबांचा फोन आला.

“चिचुंद्रीचा फोटो?”

“मिळाल्यात जमा आहे, सर.”

एक वाजता वर आलो. पिंजऱ्यात चिचुंद्री मरून आडवी पडली होती. शेंगदाणे तसेच. हातात घेतल्यावर कळलं, पिल्लांना दूध पाजणारी मादी होती. गंगाबाईंनी आणि मी भिंतीच्या भोकाभोकांत टॉर्च मारून पिल्लं शोधली. सापडली नाहीत. मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

साहेबांना खरं ते सांगितलं. “होतं असं. फलक वेळेवर द्या,” ते म्हणाले. दिला.

फलक लागला तेव्हा गंगाबाईंनी तो मला वाचून दाखवायला सांगितला. शेवटचा रकाना होता, अन्नपाण्याविना किती तग धरते याचा. शेवाळ: वाळूनही कित्येक महिने. चिचुंद्री: काही तास. हा तक्ता मी पिंजरा लावायच्या आदल्या दिवशीच टाईप केला होता.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक व्हतं,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो.

आता नवीन पोरांना पाठवताना एवढंच सांगतो, की गेल्याबरोबर आधी पिंजरा बघा. शेवाळ थांबतं.