शनिवारी बंद पडणारी गाडी

निम्मी वाट सरली तरी सुहासिनीकाकू गाडीबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. फुटपाथवरचा बर्फ कुणी काढलेला, कुणी तसाच ठेवलेला. प्रतिमा त्यांच्या कोपरापाशी हात ठेवून चालत होती. धरलंय असंही वाटू नये, आणि घसरल्या तर सावरताही यावं.

दर शनिवारी काकू प्रतिमाला घरून घ्यायच्या आणि दोघी देवळात जायच्या. आज वाटेतच सिग्नलला गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली. बऱ्याच वेळानं सुरू झाली, तशी दोघींनी ती जवळच्या गॅरेजात नेऊन सोडली. बस तासाभरानं होती. थांब्यावर गारठून जाण्यापेक्षा चाललेलं बरं, म्हणून पायीच देवळाकडे निघाल्या.

"आजही शनिवारच," काकू शेवटी म्हणाल्या. "श्रावणापासून शनीला तेल वाहतेय. माझा शनी काही गाडीवरून उतरत नाही."

"अख्ख्या ॲन आर्बर गावात शनिमहाराजांना तुमचीच गाडी दिसली का, काकू?"

"हस तू. तुझा नवरा आहे घरी."

"घरी कुठला, लॅबमध्ये असतो शनिवारी," प्रतिमा म्हणाली. शनीची थट्टा केली म्हणून तिनं मनातल्या मनात देवाची क्षमाही मागितली. ती स्वतः शनिवार धरणारी.

काकूंची गाडी सतरा वर्षांची. हेमचंद्रकाकांनी हौसेनं घेतलेली. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. चाळिशी उलटल्यावर काकूंना गाडी शिकवली ती त्यांनीच. गाडी होती म्हणून लायब्ररी होती, भाजी होती, देऊळ होतं. गाडी नसती तर खिडकी होती.

जूनपासून इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. पार्ट्सच्या दुकानातल्या माणसानं यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटतेय, टाकीचं झाकण बदला. काकूंनी बदललं. दिवा विझला, आठवड्यानं पुन्हा लागला. त्यांनी आणखी एक झाकण आणलं. मग गाडी अधूनमधून बंदही पडायला लागली आणि बातमी दूर सनीव्हेलला राहणाऱ्या लेकीपर्यंत पोचली. हिमानीनं फोनवर बजावलं, "आई, आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, तर गाडी विकायची, घर विकायचं आणि इकडे यायचं." काकू 'बरं' म्हणून बसल्या होत्या.

"तिला काय सांगणार आता?" प्रतिमानं विचारलं.

"काय सांगायचंय. शब्द दिलाय."

"नातवाजवळ राहाल."

"राहीन की. तो 'हाय आजी' म्हणतो आणि कानात ते खुपसतो. दिवसभर त्यांच्या फ्रिजशी बोलायचं मी." काकू थोडं चालल्या. "इथे बोलायला कुणी नसलं तरी घर ओळखीचं आहे गं."

 प्रतिमाच्या डोक्यात मघापासून एकच घोळत होतं.

"काकू, मला घ्यायला यायच्या आधी तुम्ही गाडीचं काय करता?"

"पेट्रोल भरते. दुसरं काय?"

"दर शनिवारी?"

"अर्धी टाकी झाली की मला चैन पडत नाही."

"आणि शनिवार सोडून कधी बंद पडलीय?"

काकू थांबल्या. "गणपतीनंतर एकदा. डॉक्टरकडे जाताना. बुधवार होता." मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशीही भरलं होतं खरं. वाटेतच पंप लागतो."

प्रतिमा मराठी शाळेत शिकलेली. फोनवर इंग्रजी बोलायचं ती शक्यतो टाळायची. तरी तिनं हातमोजा काढला आणि गॅरेजला फोन लावला. अडखळत, पुन्हा पुन्हा सांगत तिनं एवढंच पोचवलं, की पेट्रोल भरल्यावरच बंद पडते, एरवी नाही. पलीकडच्यानं एक प्रश्न विचारला. तिनं फोन छातीशी धरला.

"विचारतोय, टाकी भरली की पंपाचा खटका वाजतो, त्यानंतरही तुम्ही भरत राहता का?"

काकूंनी रस्त्याकडे पाहिलं. "हो म्हणून सांग."

पाच मिनिटांनी उलगडा झाला. टाकीजवळ कोळशाचा एक डबा असतो, तो पेट्रोलची वाफ शोषून धरतो. टाकी तुडुंब भरली की वाफेऐवजी पेट्रोलच त्यात शिरतं, तिथून इंजिनात जातं आणि इंजिन गुदमरतं. डबा बदलून मिळेल. पण अशीच भरत राहिलात तर नवाही भिजेल.

"गाडी चांगली आहे म्हणाला," प्रतिमा म्हणाली. "विकायची काही गरज नाही म्हणे."

काकूंना आनंद व्हायला हवा होता. त्या नुसत्या चालत राहिल्या. एका घरापुढचा माणूस फावड्यानं बर्फ ओढत होता, त्यानं हात केला, त्यांनीही केला.

"आमचा इथला पहिला हिवाळा," काकू म्हणाल्या. "हिमानी मांडीवर होती. पेट्रोल संपलं आणि बर्फात अडकलो. मदत येईपर्यंत ह्यांनी आपला कोट तिच्यावर घातला आणि स्वतः थरथरत बसले. त्यानंतर ह्यांनी कधी खटक्यावर पंप सोडला नाही. टाकीच्या गळ्याशी पेट्रोल दिसेपर्यंत दाबत राहायचे. मी आत बसून बघायची. एकटी पडले तेव्हा मीही तसंच भरायला लागले. तेवढा वेळ वाटतं, बाहेर हे उभे आहेत आणि मी आत बसलेय."

प्रतिमानं आता त्यांचं कोपर सरळ धरलं.

"हिमानीला संध्याकाळी मीच फोन करते," काकू म्हणाल्या. "बंद पडली हे सांगते आणि का पडली हेही सांगते. लपवायचं नाही. मग तिनं काय ते ठरवावं, पण माझं ऐकून घेऊन."

"घेईल ऐकून."

"बघू." काकू वळून तिच्याकडे बघायला लागल्या. "तू एक करशील का गं? पुढच्या वेळी पेट्रोल भरायच्या आधीच तुला घ्यायला येईन. पंपावर चल माझ्याबरोबर. थंडी असली तरी बाहेर उतर. आणि खटका वाजला की माझा हात बाजूला कर. माझ्याच्यानं तो निघायचा नाही."