इंग्लंडातली सुट्टी

जयगडची शकीला इंग्लंड बघून आली, ही बातमी ती मस्कतला परतायच्या आधीच तिच्या गावभर झाली होती. चूक तिचीच. फोटो तिनंच पाठवला होता.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका ओमानी घरात ती मुलं सांभाळायची. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, आणि पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे घरमालकाच्या, कपाटात. ते कपाट रोज पुसायचं कामही तिचंच. २०१६च्या उन्हाळ्यात त्या घरच्यांनी तिलाही इंग्लंडला नेलं, कारण धाकटा तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसे. एक दिवस यॉर्क शहर पाहायचं ठरलं. सगळे जुन्या तटावर चढले. बाबागाडी पायऱ्या कशी चढणार? शकीला खाली बाकावर बसली, धाकट्याला भरवत, सगळ्यांच्या पिशव्या राखत. मोठ्या चर्चपाशी आल्यावर धाकटा नेमका झोपला, म्हणून तेही बाहेरूनच. निघताना मॅडमनी तिला चर्चसमोर उभं करून फोटो काढला, बाबागाडी तेवढी बाजूला सारून. शकीला मनापासून हसली. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिला फार बरं वाटलं होतं.

डिसेंबरात तिच्या लेकीचा, सिदराचा निकाह ठरला. शकीलानं मत्रहच्या बाजारातून लेकीसाठी अत्तर आणलं आणि मॅडमपुढे उभी राहिली.

"मॅडम, छुट्टी चाहिए. बेटी का शादी."

"छुट्टी खलास. तुम इंग्लंड गया ना?"

मॅडम थट्टा करताहेत असं वाटून ती हसलीसुद्धा. मॅडमनी फोन काढून तोच फोटो तिच्यापुढे धरला. "देखो, कितना खुश है."

बाई लबाड असती तर भांडता तरी आलं असतं. पण तिला ते खरंच तसं वाटत होतं. अर्बाब नुसतं म्हणाला, "बाद में, इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलानं नेहमीसारखं कपाट पुसलं.

निकाहाच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. सिदरा नटूनथटून बसली होती. मागच्या भिंतीवर चौकटीत घातलेली शकीला, चर्चसमोर.

"अम्मी, मोठा करून घेतला तुझा फोटो. नवरीची आई कुठाय विचारतात, मी हाच दाखवते."

शकीलाचे डोळे भरून आले.

"तशी नको ना बघू," सिदरा हळूच म्हणाली, "फोटोतल्यासारखी हस. सगळे बघतायत."

शकीला हसली.