घर रिव्हर्समध्ये घेणारी बाई

पेत्स्का नवरा-बायकोने राहतं घर विकलं, तेव्हा गावात कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. हार्लन पेत्स्का धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवत होता. "रिटायर झालो ना, की चाकांवरचं घर घेणार. नेब्रास्काच्या हिवाळ्याला मग माझी पाठच दिसेल." त्याची बायको लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती नुसती हसायची. पण मनातून तिलाही जायचं होतं. पोरांच्या ताटात बटाट्याचा लगदा वाढता वाढता आपला अर्धा देश बघायचा राहून गेला, हे तिला आत कुठेतरी टोचत असे.

दोघं रिटायर झाली आणि बोलण्यातलं घर खरोखर अंगणात येऊन उभं राहिलं. तीस फुटी पांढरा ट्रेलर. आत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं. तो ओढायला एक दणकट पिकअप ट्रक. राहतं घर एका तरुण जोडप्याने घेतलं. त्यांना सप्टेंबरात बाळ होणार होतं, म्हणून ऑगस्टअखेर ताबा द्यायचं ठरलं. कामंही वाटून घेतलेली होती. गाडी हार्लन चालवणार. काय ठेवायचं, काय टाकायचं हे लव्हॉन बघणार.

आणि ते सोपं नव्हतं. जूनमध्ये त्यांनी अंगणात टेबलं मांडून सामान विकायला काढलं. सासूबाईंच्या हातची हंसाच्या पिसांची दुलई, बदक भाजायचं भलंमोठं भांडं, हार्लनचे पान्ह्यांचे डबेच्या डबे.

"बदकाचं भांडं विकणार असशील तर मी येणारच नाही," हार्लन म्हणाला.

"मग त्या भांड्यातच झोप. पलंगाखाली एकच वस्तू मावेल. भांडं किंवा तुझे पान्हे."

पान्हे विकले गेले. हार्लन दिवसभर गाल फुगवून बसला, पण रात्री जेवला पोटभर.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन हार्लन स्वयंपाकघरात उभा होता. म्हणाला, "लव्हॉन, दाराची चौकट वाकडी झालीय का गं?"

चौकट सरळच होती. त्याच्या डाव्या डोळ्याला आधीपासूनच कमी दिसायचं, आता उजव्यात आतून रक्त उतरलं होतं. लिंकन शहरातल्या डॉक्टरीण बाईंनी इंजेक्शनं दिली, धीर दिला. कडेकडेचं दिसत राहील, म्हणाल्या, पण समोरचं, नेमकं मधलं, आता धूसरच. गाडी चालवायची नाही. कधीच नाही.

परतीच्या वाटेवर लव्हॉन लहान गाडी चालवत होती आणि हार्लन खिडकीतून मक्याची शेतं बघत होता. की बघितल्यासारखं करत होता, कोण जाणे.

रविवारी चर्चनंतर हार्लनची बहीण मार्सेला आणि तिचा नवरा लिरॉय जेवायला आले. मार्सेलाने डंपलिंगचे उकडलेले गोळे वाढून घेतले आणि विषयाला तोंड फोडलं.

"जे झालं ते झालं. आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. ट्रेलर विकून टाका. देवानेच थांबवलं असं समजायचं."

हार्लनने मान खाली घातली. लव्हॉनने हातातला चमचा खाली ठेवला. आयुष्यभर त्याच्या बडबडीला ती कंटाळली होती, आणि आता तो गप्प बसलेला तिला बघवेना.

"ट्रेलर विकायचा नाही," ती म्हणाली. "गाडी मी चालवीन."

लिरॉयचा घास घशातच अडकला. खोकून झाल्यावर तो हसत सुटला. "तू? अगं, दुकानासमोर रिव्हर्स घ्यायला नको म्हणून तू पार कोपऱ्यात गाडी लावतेस आणि अर्धा मैल चालत येतेस! सगळ्या गावाला माहीत आहे."

ते खरं होतं. म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

"चालत येते म्हणून तर अजून माझे गुडघे शाबूत आहेत," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांचं काय चाललंय, लिरॉय?"

दुसऱ्या दिवशी जत्रेच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. गुरुजी अर्थातच हार्लन. पुढे जाणं तिला दोन दिवसांत जमलं. घोडं अडलं ते मागे घेताना. ट्रक उजवीकडे वळवला की ट्रेलर डावीकडे पळे, डावीकडे वळवला की उजवीकडे. आणि शेजारी हार्लनच्या तोंडाचा पट्टा चालूच. "उजवीकडे! अगं, ते उजवीकडे नव्हे! माझ्या उजवीकडे!"

"तुझं उजवं आणि माझं उजवं वेगळं कधीपासून झालं?"

"तू ऐकतच नाहीस!"

लव्हॉनने इंजिन बंद केलं, पर्स उचलली, आणि ट्रक, ट्रेलर, नवरा सगळं मैदानाच्या मधोमध आडवं सोडून ती चालत घरी निघून गेली.

वाटेत तिला ट्वायला रिहा भेटली. ट्वायलाने उमेदीची सगळी वर्षं गुरांचे ट्रेलर ओमाहाच्या बाजारात नेण्यात घालवली होती. तिचा आवाज त्या बैलांपेक्षा घोगरा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नवरा अजून मैदानातच आहे? राहू दे थोडा वेळ. उन्हाने मऊ होईल."

दुसऱ्या दिवसापासून ट्वायला शेजारी बसू लागली. ती ओरडत नसे. "स्टीअरिंग वरून धरतेस ना, तिथेच सगळा घोळ आहे. हात खाली ठेव, अगदी तळाशी. आता ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला जायला हवंय, त्या बाजूला हात ने. डोकं चालवू नकोस. हात चालव."

लव्हॉनने हात तळाशी नेला. डावीकडे सरकवला. आरशात ट्रेलरची मागची बाजू एखाद्या समजूतदार गाईसारखी डावीकडे वळली.

"अगं बाई!" लव्हॉन म्हणाली.

"चुकलं की थांब, खाली उतर, बघून ये," ट्वायला म्हणाली. "लोक हसले तर हसू देत. त्यांचा ट्रेलर नाही तो."

जुलैभर ती रोज सकाळी मैदानावर जायची. लोणच्याच्या रिकाम्या बादल्या मांडून त्यांच्यामधून ट्रेलर मागे घ्यायचा. पहिल्या आठवड्यात एकही बादली धड उरली नाही. खांदे भरून यायचे, स्वप्नातही आरसे दिसायचे. लिंकनहून मुलीचा फोन येई. "मॉम, तू वेडी झालीस का? या वयात!"

"या वयातच वेळ मिळाला गं, क्रिस्टा," लव्हॉन म्हणायची.

हार्लन मात्र घरीच बसून राही. एक दिवस ट्वायलाच त्याच्या दारात उभी राहिली. "काय रे, तुला मधलं दिसत नाही, पण कडेचं दिसतं ना?"

"दिसतं. त्याचा काय उपयोग?"

"ट्रेलर मागे घेताना कडाच बघायच्या असतात, मूर्खा! ऊठ. मागे उभा राहा. आणि तोंड बंद ठेवून नुसते हात दाखव."

तोंड बंद ठेवणं हार्लनला जड गेलं, पण जमलं. मान किंचित तिरकी करून तो मागे उभा राही आणि हात हलवी. लव्हॉनला आरशात त्याचे हात दिसत. बादल्या पडायच्या थांबल्या.

ऑगस्टच्या मध्यावर त्यांनी पहिला खरा मुक्काम केला, जलाशयाकाठच्या ट्रेलर-तळावर. मार्सेला आणि लिरॉय आधीच येऊन खुर्च्या टाकून बसले होते. पेत्स्कांच्या वाट्याला आलेली जागा मोठी वाईट होती. दोन कॉटनवूडच्या झाडांमधली अरुंद फट, मागे उतार, आणि वारा असा की टोप्या उडत होत्या. आजूबाजूच्या ट्रेलरमधले पुरुष हातात बिअर घेऊन गोळा झाले, जसे ते कुणी रिव्हर्स घेऊ लागलं की नेहमी होतात.

लिरॉय उठून खिडकीपाशी आला. "उतर, वहिनी. मी लावून देतो. यात कमीपणा नाही."

"खुर्चीत बस, लिरॉय."

"तू लावलास ना हा ट्रेलर, तर तुमची संडासाची टाकी मी रिकामी करीन. सगळ्यांदेखत!"

लोक हसले. लव्हॉनने काच वर घेतली.

पहिल्या खेपेला ट्रेलर तिरका गेला. ती थांबली, गाडी पुढे घेतली. दुसऱ्या खेपेला डावं झाड फार जवळ आलं. ती खाली उतरली, सगळ्यांच्या नजरा झेलत मागे चालत गेली, झाड बघितलं, उतार बघितला. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. परत येताना तिने हार्लनकडे पाहिलं. तो मान तिरकी करून तयार उभा होता.

तिसऱ्या खेपेला तिने हात तळाशी ठेवला आणि दुसरं काही बघितलंच नाही. फक्त आरसा आणि हार्लनचे हात. ये. ये. थोडं उजवीकडे. ये. मग दोन्ही तळवे वर गेले. थांब.

ट्रेलर दोन्ही झाडांच्या बरोबर मध्ये उभा होता.

मग ट्वायला, जी मागे कुठेतरी उभी होती हे कुणाला माहीतही नव्हतं, गुरं हाकताना घालतात तशी आरोळी ठोकून मोकळी झाली, आणि सगळा तळ टाळ्या वाजवू लागला. हार्लन धावत खिडकीपाशी आला. डोळे पुसत होता. "धूळ गेली," म्हणाला.

"दोन्ही डोळ्यांत?"

"वारा बघ ना केवढा आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लिरॉयने रबरी हातमोजे चढवले आणि शब्द पाळला. मार्सेला शेजारी उभी राहून सूचना देत होती. "नीट जोड रे तो पाइप! आयुष्यात एक काम तरी धड कर!" तळावरचे लोक कॉफी घेऊन बघायला आले होते. लव्हॉननेही खुर्ची टाकली होती आणि पाय लांब केले होते.

ऑगस्टअखेर घराच्या किल्ल्या तरुण जोडप्याच्या हाती पडल्या आणि पेत्स्का नवरा-बायको पश्चिमेला निघाले. वायोमिंगच्या घाटात तिचे हात घामाने भिजले, एकदा चुकीच्या रस्त्याला लागून ती एका शेतकऱ्याच्या कुंपणापर्यंत गेली, पण तिथूनही ट्रेलर मागे घेऊन तिने तो रस्त्यावर आणला. शेतकऱ्याने टोपी काढली.

हिवाळा त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात काढला. तिथे हजारभर ट्रेलर उतरलेले असतात, आणि बहुतेक सगळ्यांत चालवणारा नवरा आणि नकाशा धरणारी बायको. नाताळाच्या सुमारास शेजारच्या ट्रेलरमधली नॅडीन नावाची बाई दबक्या आवाजात विचारू लागली, "तुम्ही स्वतः लावता? मला शिकवाल? ह्यांना सांगू नका हं."

नॅडीनमागून आणखी दोघी आल्या. फेब्रुवारीत लव्हॉनकडे रोज सकाळी बायकांची रांग लागू लागली. ती शेजारी बसे, ओरडत नसे. हार्लन मागे उभा राहून हात दाखवी, आणि बघायला जमलेल्या नवऱ्यांना दटावत असे, "चला, चला, खुर्च्या घेऊन लांब बसा. इथे बायका काम करतायत."