पांढरं म्हणजे कुठलं पांढरं

मार्लिस ट्वेट एकतीस वर्षं अमेरिकेतल्या आमच्या दुलूथ शहरात, दातांच्या एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करत आली होती. तिचा थोरला भाऊ अर्लिंग मार्चमध्ये अचानक गेला. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती, एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात आम्ही सगळ्यांनी हॅमची सँडविचं खाल्ली, कॉफी प्यायलो, आणि शेवटी मार्लिसनेच खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या. ती रडली नाही. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाली, "काही वाटतच नाहीये गं. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं."

अर्लिंगच्या तळघरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. अठरा वर्षं त्याने तीत दगडी प्रवाळ वाढवले होते: दगडासारखा सांगाडा आणि त्यावर जिवंत मांसाचा पातळ थर असलेले समुद्री जीव. मी आणि अर्लिंग प्रवाळ पाळणाऱ्यांच्या एकाच क्लबात होतो. क्लबातले सगळ्यांत जुने रोली हाउगेन तिला म्हणाले, "हे तुझं काम नाही, पोरी. आम्ही वाटून घेतो."

"बघते मी," ती म्हणाली.

त्यात हट्ट नव्हता. मला वाटतं, तिला काही ठरवताच येत नव्हतं. ती भावाच्या घरी राहायला आली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाणी तपासायचं, मापाने क्षारांचं औषध घालायचं, माशांना खाऊ टाकायचा. त्याची वही समोर ठेवून सगळं तसंच.

मेच्या शेवटी जांभळ्या फांद्यांचा प्रवाळ पांढरा पडू लागला. अर्लिंगचा सगळ्यांत जुना. मग शेजारचा हिरवा. रोली खिशात हात घालून टाकीसमोर उभे राहिले. "प्रकाश जास्त झालाय. दिवे कमी कर." फोनवर एकाने सांगितलं, पाणी तापलंय. दुसऱ्याने सांगितलं, किडे लागलेत, औषधात बुडव. मार्लिसने सगळ्यांचं ऐकलं आणि काहीच केलं नाही. शनिवारी दुपारी तिने मला आणि रोलींना बोलावलं.

आम्ही गेलो तर ती बाही वर करून बसली होती. हातात दवाखान्यातला लांब दांड्याचा चिमुकला आरसा आणि भिंग.

"काय डॉक्टरीणबाई," रोली म्हणाले, "कवळी बसवताय का त्याला?"

ती हसली नाही. "सगळे पांढरं पांढरं म्हणतायत. पांढरं म्हणजे कुठलं? रंग उडालाय की मांसच गेलंय?"

तिने आरसा पाण्यात घालून फांदीच्या बुडाशी धरला आणि मला भिंगातून बघायला लावलं. रंग उडालेल्या प्रवाळावर काचेसारखी पातळ कातडी असते, तोंडं उघडमीट करतात. इथे तसलं काही नव्हतं. नुसता सांगाडा उघडा पडला होता, आणि त्यावर शेवाळाची बारीक लव धरू लागली होती.

"हिरड्या मागे सरकतात तसं खालून वर चाललंय," ती म्हणाली. "प्रकाशाने भाजलं असतं तर आधी माथा गेला असता. बूड तर सावलीत आहे."

"आणि किडे?" मी विचारलं.

"चावे नाहीत, अंडी नाहीत. दोन दिवस शोधलं. म्हणजे पाणी."

"पाणी तर तू रोज तपासतेस," रोली म्हणाले.

"तपासते. क्षारता सात येते. त्याच्या वहीत नेहमी आठ आहे. म्हणून मी औषध वाढवत गेले. तरी सातच."

मी घरी जाऊन माझं तपासणीचं किट घेऊन आले. पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजत गेले; जितके जास्त थेंब, तितकी जास्त क्षारता. साडेबारा आली, प्रवाळाला जाळण्याइतकी. पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

मार्लिसने अर्लिंगच्या किटची बाटली उजेडात धरली. झाकण सैल होतं. आतल्या द्रवातलं पाणी उडून तो दाट झाला होता, त्यामुळे थोड्याच थेंबांत रंग बदलायचा आणि आकडा कमी दिसायचा.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तुला कसं कळणार होतं?" मी म्हटलं.

"रोज सकाळी. मीच." आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

रोलींचा आवाज मऊ झाला. "सगळं पाणी बदलून टाकू या का?"

"नको. एक धक्का बसलाय, दुसरा नको. हळूहळू उतरू दे."

मग तिने कटर मागितला. उघड्या सांगाड्याच्या बोटभर वर, शाबूत मांसातून एकेक टोक कापलं आणि डिंकाने छोट्या चकत्यांवर बसवलं. अकरा तुकडे. इतक्या वर्षांचे हात, एकदाही चुकले नाहीत. जांभळ्याचं बाकीचं झाड चार दिवसांत पुरतं उघडं पडलं. तिने ते बाहेर काढलं, धुतलं आणि सिंकजवळ कपांच्या शेजारी निथळत ठेवलं. मला म्हणाली, "आता तरी काहीतरी वाटायला हवं होतं, नाही?"

मी कप पुसले.

अकरांपैकी सात तुकडे जगले. ऑक्टोबरात अर्लिंगचं घर विकलं गेलं, आणि ती ते सात घेऊन, लहान टाकी करून, आपल्या फ्लॅटवर परतली. त्यानंतर क्लबात कोणाचा प्रवाळ पांढरा पडला की फोटो तिलाच जाऊ लागले. तिचं उत्तर एका ओळीचं असे: मांस आहे की गेलंय? कधी कधी ती आरसा घेऊन स्वतःच जायची.

जानेवारीत ती रोलींच्याच टाकीपुढे गुडघे टेकून बसली होती. त्यांनी विचारलं, "आवडायला लागलं की काय तुला हे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "टॉर्च जरा खाली धरा."