सासऱ्यांची बादलीशी बातचीत

अख्ख्या अमरावतीत माझ्या सासऱ्यांइतका मोठा आवाज कुणाला लाभला नसेल, आणि आज त्यांच्याइतकं हळू नि आडून बोलणाराही दुसरा कुणी सापडणार नाही. ते शाळेत पीटीचे सर होते. त्यांनी ‘सावधान!’ म्हटलं की मैदानावरच्या पोरांबरोबर रस्त्यावरचे सायकलवालेही थांबायचे. घरात तर कुकरसुद्धा त्यांना विचारून शिट्टी देत असावा.

माझी लेक रेवा मोठी होऊ लागली आणि ही हुकूमशाही संपली. रेवा ऑटिस्टिक आहे. कुणी ‘कर’ म्हटलं की तिचं अंग आखडतं. आवडीचा आंबासुद्धा ‘खा’ म्हटल्यावर तिला खाता येत नाही. हा हट्ट नाही, भीती आहे, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समजावलं. मनावर घेतलं ते एकट्या सासऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरासमोर उभे राहून बादलीला म्हणाले, “पाणी गरम झालं बा. आपल्याले काई घाई नाई.” आणि सरळ अंगणात जाऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले. थोड्या वेळानं आतून रेवाच्या तांब्याचा आवाज आला. सासऱ्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

पण ही सवय त्यांना इतकी जडली, की ते सगळ्यांशीच तसं बोलू लागले. रिक्षावाल्यासमोर उभं राहून “काही लोकं बडनेऱ्याले जात असतात” म्हणाले. तो मान डोलावून निघून गेला. एकदा सासूबाई भडकल्याच. “सरळ सांगा ना, चहा पायजे का नाई?”

“पायजे असं नाई. पण आला त आपली हरकत नाई.”

मग रेवाची दाढ किडली. दुखून दुखून तिनं जेवण सोडलं. अकोल्याच्या दातांच्या दवाखान्यातून ती दोनदा दारातूनच परतली होती. तिसऱ्यांदा सासरे सोबत आले, आणि “मी आपला उगीच बसून पायतो” म्हणत स्वतःच खुर्चीवर बसले; त्यांच्यामागून रेवाही आत येऊन कोपऱ्यात उभी राहिली. डॉक्टरांनी बॅटरी मारली, तर यांचाच एक दात काढण्याजोगा निघाला. सुई दिसताच आमच्या पीटीच्या सरांनी तोंड गच्च मिटलं. डॉक्टर विनवून थकले.

तेवढ्यात कोपऱ्यातून, पंख्याकडे बघत, रेवा म्हणाली, “काही लोकं तोंड उघडतात म्हणे. आपल्याले काई घाई नाई.”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. ते उतरले, तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत रेवा खुर्चीवर चढली.

परतीच्या गाडीत सासरे गालावर हात धरून बसले होते. तोंडातला कापूस सांभाळत म्हणाले, “सूनबाई, माह्या शाळेतबी असतीन न अशी पोरं. मी त्यायले उन्हात उभं केलं.” त्यांचे डोळे भरून आले होते.

रेवानं आपला रुमाल काढून त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली.